मठारलेलं तांबं

आप्पा, फार थकलोय. तू गेलास त्याला आज सतरा दिवस झाले आणि या सतरा दिवसांत एकदाही स्वस्थ झोप लागल्याचं मला आठवत नाही. दवाखाना आज अकरालाच रिकामा झाला. एरवी दुपारचे दोन वाजले तरी बाकावर माणसं असतात. आज का नव्हती ते पुढं सांगतो. तेच सांगायला बसलोय.

तुला पत्र वाचायचा कंटाळा. मी कुठंही परगावी गेलो की तुला चार ओळी टाकायचो आणि परत आल्यावर तू म्हणायचास, "वाचाय येत न्हाय असं न्हाय रं. तेवढा येळ बसाय येत न्हाय." आता तुला बसायला वेळच वेळ आहे. ऐक.

गावाला तू आप्पा तांबट आणि मी डॉक्टर. पण चौथीपर्यंत आपण एकाच पट्टीवर मांडीला मांडी लावून बसलो. मग तू बापाच्या हातोडीकडं गेलास, मी पुस्तकांकडं. खडेबाजाराच्या मागं तुमच्या तांबटांच्या गल्लीत शिरलं की कानाला दडे बसायचे. पंधरा-वीस दुकानं, प्रत्येक ऐरणीवर कुठं घागर, कुठं हंडा, आणि ठोक्यांचा नुसता कल्ला. त्या कल्ल्यात तू बोलायचास, मला ऐकू यायचं नाही, आणि वर तू मलाच बहिरा ठरवायचास. तू गेलास तेव्हा तीन दिवस गल्लीत कुणी हातोडी उचलली नाही. मी दवाखान्यातून घरी जाताना मुद्दाम त्या बाजूनं गेलो. गल्ली तशी गप्प बघवली नाही, म्हणून दुसऱ्या दिवसापासून लांबचा रस्ता धरला.

लोक तुझ्याविषयी चांगलंच बोलतायत. मनमिळाऊ होता, म्हणतात. मेलेल्या माणसाला हे एक बरं असतं. तू मनमिळाऊ कधी होतास? हट्टी होतास. आपलं म्हणणं दुसऱ्याच्या गळी उतरवल्याशिवाय तुला घास जात नसे. आणि माझ्या बाबतीत तू इतका गप्प राहिलास, हे मला तू गेल्यावर कळलं. म्हणून हे सगळं परत सुरुवातीपासून.

माझी फटफटी. कँपातला एक गोरा अधिकारी मायदेशी जाताना मला ती विकून गेला, बरोबर तिचं जाडजूड पुस्तकही देऊन गेला. दर बाजारच्या दिवशी मी तिच्यावरून निपाणीला जायचो. तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायकांचे खोकले तपासायचे, संध्याकाळी परत. लढाईच्या तिसऱ्या वर्षी गाडीनं दम सोडला. किक मारावी तर पाय सरळ खाली जायचा. चढावर माणूस चालत पुढं जायचा, आणि इंजिनाच्या बगलेतून फुसफुस आवाज. हेडगॅस्केट गेलं होतं. सिलिंडर आणि त्याच्यावरचं झाकण, म्हणजे हेड, या दोघांच्या मध्ये तांब्याची एक पातळ चकती असते. ती सांधा धरून ठेवते. ती जळली की आतला जोर बाहेर निसटतो आणि इंजिन नुसतं खोकत राहतं.

मुंबईला मी तीन पत्रं पाठवली. लढाई संपेपर्यंत काही मिळणार नाही, असं एकच उत्तर तीनदा आलं. शेवटी जुनी जळकी चकती कागदात गुंडाळून तुझ्याकडं आलो. तू ती उन्हात धरलीस, नखानं खरवडलीस.

"एवढंच?" म्हणालास. "ह्याच्यासाठनं सायबाला पत्रं लिवलास व्हय रं? तांब्याचं काम हाय की हे."

तांबं त्या दिवसांत औषधाला मिळत नव्हतं. तू आत गेलास आणि वहिनींचं अंघोळीचं जुनं घंगाळ उचलून आणलंस. वहिनी मागोमाग धावत आल्या. "आवं, ते माझ्या म्हायेरचं हाय!" तोवर तू बुडाला कात्री लावली होतीस. पुढं कितीतरी दिवस मला चहा देताना त्या म्हणायच्या, "भावजी, माझं म्हायेर तुमच्या फटफटीत हाय, जरा सांभाळून चालवा."

मी पुस्तक उघडून तुला समजावलं होतं. चकती मऊ पाहिजे. लाल होईपर्यंत तापवायची, पाण्यात विझवायची आणि त्यानंतर तिला काही म्हणजे काही करायचं नाही. मऊ असली की नट आवळल्यावर ती दबते आणि दोन्ही बाजूंच्या बारीक खाचा भरून काढते. तू मान डोलावलीस. गोल कापलंस, आठ भोकं पाडलीस, कानशीनं कडा घासल्यास, भात्यावर लाल केलंस, पाण्यात सोडलंस. बाहेर काढलीस तेव्हा ती मळकट गुलाबी दिसत होती, बोटांनी वाकत होती. तू तिच्याकडं बघत राहिलास. तुझ्या तोंडावर काहीतरी नासल्यासारखा भाव होता. मी हात धुवायला परसात गेलो आणि तेवढ्यात ठोके ऐकू आले.

येऊन बघतो तर चकती ऐरणीवर, आणि तू मठारत बसलेला. तुमचा तो शेवटचा हात. गुळगुळीत हातोडीनं शेजारी शेजारी सारखे ठोके घालत जायचं. त्यानं भांडं चकाकतं, बळकट होतं आणि तांबं कडक होतं. नेमकं तेच नको होतं.

"आप्पा, मऊ म्हटलं होतं ना!"

"आसं नागडं तांबं दुकानाभाईर कसं धाडू? माझ्या बापानं न मठारता एक पळी दिली न्हाय कुणाला."

"अरे, ही इंजिनाच्या आत जाणार. कोण बघणार आहे?"

"मी बघतोय न्हवं."

खोटं कशाला सांगू, चकती सुंदर झाली होती. भोकांच्या अवतीभवती ठोके इतके नेटके बसले होते की ती गाडीत घालण्यापेक्षा भिंतीला लावावी असं वाटलं. पुन्हा तापव म्हणून सांगायची माझी छाती झाली नाही. तेवढा दोष माझाही.

दुसऱ्या दिवशी तुझ्या दुकानासमोर गाडी उघडली. अर्धी गल्ली काम सोडून भोवती उभी. तुझा थोरला चुलतभाऊ तात्या, गल्लीत सगळ्यांत वडीलधारा, तो तर स्टूल घेऊनच बसला होता. मी हेड उचललं, आतली काजळी खरवडली, दोन्ही पाठी चिंधीनं पुसून आरशासारख्या केल्या, चकती बसवली, वर हेड ठेवलं. आठ नट. एकदम आवळायचे नाहीत. एक इकडचा, मग त्याच्या समोरचा, थोडा थोडा करत, नाहीतर हेड वाकतं. मी डॉक्टरी थाटात ते करत होतो आणि तू लोकांना सांगत होतास, "बघा, पोट फाडून पुन्हा शिवाय लागलाय."

आणि पुस्तकात सगळ्यांत महत्त्वाचं एक वाक्य होतं. त्या साहेबानं पेन्सिलीनं खाली दोन रेघा ओढून ठेवल्या होत्या. गाडी पाच-सहा मैल पळवावी, इंजिन पूर्ण गार होऊ द्यावं, आणि मग सगळे नट पुन्हा एकदा आवळावेत. कारण तापून निवलं की तांबं बसतं आणि नट ढिले पडतात. हे मला तोंडपाठ होतं.

आपण कंग्राळीपर्यंत गेलो. तू मागं बसलेलास. शेतात वाकलेली माणसं सरळ होऊन बघायला लागली आणि तू त्यांना ओरडून सांगत होतास, "माझ्या तांब्यावर पळायलीय! माझ्या तांब्यावर!" इतका खूश मी तुला तुझ्या लग्नातही बघितलं नव्हतं. परत आल्यावर नारळ फुटला, पेढे वाटले. इंजिन हात लावू देत नव्हतं. गार व्हायला दोन तास तरी हवे होते आणि दवाखान्यात हिवतापाची तीस माणसं कुडकुडत बसली होती. सकाळी आवळतो, असं मनाशी म्हणून मी गेलो. सकाळी माझ्याच अंगात कणकण होती, बाजारचा दिवस होता, उशीर झाला होता. पाना खोक्यातच राहिला. थकलो होतो रे. दुसरं काही कारण नाही. असतं तर बरं झालं असतं.

निपाणीच्या अलीकडं तवंदीच्या घाटात गाडी फुसफुसायला लागली आणि अर्ध्या चढावर मेली. घाटातून ढकलत निपाणीत पोचेपर्यंत वखारीतल्या बायका वाट बघून कामाला लागल्या होत्या. परतीला कोळशावर चालणारी एक लॉरी मिळाली. तंबाखूच्या बोदांवर, त्या गच्च भरलेल्या पोत्यांवर, गाडी आडवी टाकली, शेजारी मी, बेळगावपर्यंत शिंका देत. खडेबाजारात त्यांनी उतरवून दिलं. तिथून गाडी ढकलत तुझ्या गल्लीत आणली. गल्लीतलेच चारजण हात लावायला आले, तूही आलास. मी धुळीनं माखलेला, घसा कोरडा, अंगात ताप. तात्यानं विचारलं, "काय झालं, डाक्टर?"

आणि मी सगळ्यांच्या देखत म्हटलं, "काय व्हायचंय? आप्पाचं तांबं गळलं."

तांबटांच्या गल्लीत. हे वाक्य मी तांबटांच्या गल्लीत बोललो. ठोके थांबले होते ते आठवतंय. इंजिनावर तुझा हात होता तो काढून घेतलास आणि दुकानात जाऊन बसलास.

घरी जाऊन मी हेड उघडायला घेतलं. पहिल्या नटाला पाना लावला, जोर लागलाच नाही. दुसरा बोटांनी फिरला. आठांतले पाच ढिले. चकतीच्या एका कडेला काळी रेघ पडली होती, बरोबर त्या ढिल्या नटांच्या अंगाला. तिथं जमिनीवर बसल्या बसल्या मला सगळं समजलं. त्याच पावली गल्लीत यायला हवं होतं. "तात्या, तांबं नाही, माझा हात चुकला," एवढंच म्हणायचं होतं. उद्या म्हणू, असं ठरवलं.

उद्या तूच आलास. दवाखान्यात, सहा पेशंट बाकावर असताना. कमरेच्या फडक्यातून नवी चकती काढून टेबलावर टाकलीस. गुलाबी, मऊ, न मठारलेली. "घे तुझं कच्चं तांबं," म्हणालास. माझ्याकडं बघितलं नाहीस. मला वाटलं तू रागावलायस. मी सहा पेशंटांकडं बघितलं आणि गप्प बसलो. ती चकती मी बसवली, गाडी पळवली, पूर्ण गार होऊ दिली, नट पुन्हा आवळले. पहिल्या चुकीनंतर माणूस किती काळजी घेतो बघ. ती चार वर्षं टिकली.

गल्लीनं मात्र माझं वाक्य सोडलं नाही. थट्टेथट्टेत सुरू झालं. बाया घागर घ्यायला यायच्या आणि विचारायच्या, "आप्पा, गळायची न्हाय न्हवं?" देवळाच्या मोठ्या हंड्याचं काम तुझं ठरलेलं, ते तात्याकडं गेलं. मग तू ती पद्धत सुरू केलीस. तयार झालेलं प्रत्येक भांडं पाण्यानं भरायचं, दुकानाच्या पायरीवर कोरडी राख पसरून त्यावर ठेवायचं, दिवसभर. संध्याकाळी गिऱ्हाईकाला उचलून दाखवायचं की राख कोरडी आहे. तुझ्या बापानं असलं कधी केलं नव्हतं. गल्लीत दुसरं कुणी करत नव्हतं. चार वर्षं मी त्या पायरीवरून गेलो-आलो. राखेवर भरलेली भांडी बघितली. आत येऊन चहा प्यालो.

आणि वाद घातला! याची तर मला लाजच वाटते. दर रविवारी तू तो विषय काढायचास. "मठारल्यालं तांबं गळत न्हाय. तू काय बी म्हण." मी पुस्तकाचा दाखला द्यायचो. "पुस्तक कुणी लिवलंय? सायबानं. सायेब तांब्याच्या घंगाळात अंघोळ करतोय काय? न्हाय. मग त्याला काय कळतंय तांब्यातलं?" मी हसायचो आणि तुला धातूचा गुणधर्म समजावायचो. जितका मी आतून खोटा तितका माझा आवाज चढायचा. कोर्टात वकील असतो तर खूप नाव काढलं असतं.

मग तुझा तो ताप. न्यूमोनिया होता. दुसऱ्या दिवशीच मला अंदाज आला होता, तुझ्या घरच्यांना नव्हता. तिसऱ्या दिवशी दुपारी मी तुझी नाडी धरून बसलो होतो. वहिनी आत चुलीवर पाणी तापवत होत्या. तू डोळे उघडलेस.

"फटफटी बरी हाय न्हवं?"

"बरी आहे."

"तांबं?"

"घट्ट आहे."

मग म्हणालास, "मऊच बरं म्हण की मग."

आप्पा, खोलीत कुणी नव्हतं. पेशंट नव्हते, तात्या नव्हता. माझ्या हातात तुझं मनगट होतं. मी तुझ्या ओठांना पाणी लावलं आणि म्हटलं, "बोलू नकोस, दम लागेल." दोन वाक्यांचं काम होतं, तेही मला झालं नाही. त्या दिवशी तुझ्याऐवजी दुसरा कुणी असता तर मी त्याला चांगला डॉक्टर वाटलो असतो.

तू गेल्यानंतर आठव्या दिवशी मी गाडी उघडली. का, ते मलाही नीट सांगता यायचं नाही. पाठ दुखत होती, एकेक नट काढायला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागला. काजळी खरवडताना मध्येच बसून राहिलो. तुझी पहिली मठारलेली चकती मी टाकली नव्हती, औषधांच्या कपाटात होती. काळी रेघ पुसली. तापवून मऊ केली असती तर बसली असती, पण मग कसोटी कसली? तशीच घातली. आठही नट समोरासमोर आवळले. कंग्राळीपर्यंत गेलो, परत आलो, पूर्ण गार होऊ दिली, पुन्हा आवळले. परत निघालो. मला काय हवं होतं ते आता कळतं. माझ्या वतीनं त्या इंजिनानं बोलावं, असं मला वाटत होतं. ते खणखणीत चाललं तर तू बरोबर, आणि मी कुणाला काही न सांगता आतल्या आत रडून मोकळा होणार होतो.

कंग्राळीच्या पुढच्या चढावर, हेडच्या एका कोपऱ्यातून बारीक फुसफुस आली. अगदी बारीक. गाडी थांबली नाही, दमही गेला नाही. पण कान लावला तर ऐकू येत होती. आता चार वर्षांपूर्वी एकदा जळलेली चकती, असंही म्हणता येईल. तू तेच म्हणाला असतास. पण माझं सांगतो. ती फुसफुस ऐकली आणि मला आनंद झाला. क्षणभर, पण झाला. तू जाऊन आठ दिवस झालेले, आणि मी रस्त्याच्या कडेला उभा राहून मनात म्हणतोय, बघ, तांबंही चुकलंच होतं की! मग माझीच मला किळस आली. मी तिथं बांधावर बराच वेळ बसलो. तांबं चुकलेलं असो नाहीतर नसो. ज्या दिवशी मी ते वाक्य बोललो, त्या दिवशी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं ते फक्त नटांचं, आणि तेवढंच मी लपवलं. इंजिनाकडून कबुली घेण्यात अर्थ नव्हता.

तेराव्याला तुझ्या घरी गेलो. बाहेर मांडवात गल्लीतली माणसं पंगतीला बसत होती. मी आत जाऊन वहिनींना सांगितलं. सगळं, नटांपासून. त्या परातीतल्या पुऱ्या मोजून वेगळ्या करत होत्या, हात थांबवला नाही.

"त्यास्नी ठावं व्हतं, भावजी."

"काय ठाऊक होतं?"

"त्याच दिशी. गाडी ढकलताना हात लावला, तर नट फिरला म्हणं. घरी जेवताना मला सांगितलं."

मी उंबऱ्यावर बसलो. "मग बोलला का नाही?"

"मी बी तेच इचारलं. सांगा की गल्लीत, म्हणलं. तर म्हणले, डाक्टरचा हात ढिला हाय म्हणून कळलं, तर उद्या पोटावर हात ठेवू देईल व्हय त्येला कोण? माझं काय, एक भांडं गळलं तर दुसरं करीन." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आता तुमी बी बोलू नगा. चार वर्सं त्येंनी राखलं. आता कशाला?"

आप्पा, तेव्हा मला तुझा राग आला. खरा राग. म्हणजे ते राखेवरचे हंडे तू माझ्यासाठी मांडत होतास? दर रविवारी मी गुणधर्म समजावताना तू समोर बसून ऐकत होतास, आणि तुला माहीत होतं? आणि त्या तिसऱ्या दिवशी, "मऊच बरं म्हण की मग," ते तू मला दार उघडून देत होतास, आणि मी पाणी पाजलं! हट्टी म्हणतो तुला, तो उगाच नाही. एकदा शिवी द्यायचीस. हातोडी फेकून मारायचीस. मी तुझ्याकडून एवढं घ्यायच्या लायकीचा नव्हतो आणि तू मला न विचारता दिलंस.

वहिनींचं ऐकावं, असं फार वाटलं. त्या म्हणत होत्या त्यात माझी सोयही होती. पण तू जे राखलंस ते माझं नाव, आणि त्यापायी तुझं गेलं. तुझा पोरगा उद्या त्याच दुकानात बसणार. त्यानं पायरीवर राख का पसरायची?

मांडवात गेलो. पानं वाढून झाली होती, तात्या पहिल्या पानावर. मी उभ्या उभ्या म्हटलं, "तात्या, एक सांगायचं होतं. चार वर्षांपूर्वी घाटात आप्पाचं तांबं गळलं नव्हतं. नट मी आवळायचे ते आवळले नव्हते. मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. आप्पालाही ठाऊक होतं. त्यानं माझ्यासाठी तोंड उघडलं नाही."

तात्यानं कालवलेला भात तसाच ठेवला. म्हणाला, "चार वर्सं, डाक्टर?"

"चार वर्षं."

"देवळाचा हंडा मी केला," तात्या म्हणाला. "तो त्याचा व्हता." आणि पानावरून उठून हात धुवायला गेला. जेवला नाही. मला कुणी बस म्हटलं नाही, मीही बसलो नाही.

त्याला आज चार दिवस झाले. तुमच्या गल्लीतलं कुणी दवाखान्यात फिरकलेलं नाही. बाजूच्या दोन गल्ल्यांतलीही माणसं कमी झाली. काल एक म्हातारी आली, पोट दाखवायच्या आधी माझ्या हाताकडं बघत राहिली. तू जे म्हणाला होतास तेच झालं. तुला माणसं कळायची, मला त्यांची फुप्फुसं. येतील परत. खोकला काही कुणाला सोडत नाही. नाही आले तरी चालेल. मी दमलोय, थोडा बसेन.

पण तुला सांगायचं म्हणजे, आज सकाळी तुमच्या गल्लीतून आलो. पोरानं दुकान उघडलं होतं. तात्या त्याच्या पायरीवर बसून त्याला काहीतरी दाखवत होता. मी खाली मान घालून चाललो होतो, तर तात्यानंच हाक मारली.

"डाक्टर, एक सांगा. मग तांबं चांगलं व्हतं म्हणायचं आप्पाचं?"

पोरगा हातोडी धरून माझ्याकडं बघत होता. आप्पा, तो चढ, तो कोपरा, ती बारीक फुसफुस, सगळं माझ्या कानात होतं. त्या खेपेला नट दोनदा आवळलेले होते, तेही माहीत होतं.

"चोख होतं," मी म्हटलं.

खरं काय ते आपल्या दोघांना ठाऊक. मी कुणाला सांगणार नाही.